पाचवी 'ब'मधला मुक्काम

माऊचा नंबर त्रेचाळिसावा होता.

रांग शाळेच्या तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहापासून निघून, अख्खा व्हरांडा ओलांडून, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चढली होती. बायकांसाठी चार दारं, त्यांतली दोन तुंबलेली. बाहेर वारा असा घोंघावत होता, की शेजारणीशी बोलायचं तरी तिच्या कानाशी तोंड न्यावं लागे. माऊ स्वतःसाठी उभी नव्हती. ती आईसाठी जागा धरून होती, कारण आईचे गुडघे तिला पाच मिनिटांच्या वर उभं राहू देत नसत.

तेवढ्यात एक माणूस रांगेच्या कडेकडेने थेट पुढे निघाला. शर्ट ओलाचिंब, खांद्यावर कळकट पिशवी आणि चेहऱ्यावर संकोचाचा लवलेश नाही.

"ओ!" माऊ ओरडली. "रांग दिसत नाही का? आणि हे बायकांचं आहे!"

तो थांबला. आवाज कुठून आला ते शोधलं आणि शांतपणे म्हणाला, "मला आत जायचं नाहीये, बाई. मला ते मोकळं करायचंय." पिशवीतून त्याने हातभर लांबीचा पाना काढून दाखवला.

अख्खी रांग खो-खो हसली. सकाळपासून त्या व्हरांड्यात कोणी हसलं नव्हतं. माऊचे कान गरम झाले.

"आवाज मात्र दणदणीत आहे तुमचा," तो म्हणाला. "वाऱ्यालाही दाबलंत. मग एक काम करा ना... पुढे येऊन उभ्या राहा आणि अर्धा तास कोणाला पाणी ओतू देऊ नका. माझं कोण ऐकतंय?"

"आणि माझा त्रेचाळिसावा नंबर?"

"तो माझ्या लक्षात राहील."

माऊने अर्धा तास दारांवर पहारा दिला. तो आत गुडघ्यांवर बसून, कोपरापर्यंत हात घालून एकेक नको ती वस्तू बाहेर काढत होता. चिंध्या, बिस्किटांचे कागद, एक लहानसा बूट. प्रत्येक वेळी ती वस्तू वर धरून तो विचारी, "कोणाचं हरवलंय का?" आणि माऊ नाक दाबून हसे. हे काही हसायचं ठिकाण नव्हे, असं तिला वाटत होतं. पण हसू येत होतं, त्याला ती काय करणार?

शाळा तीनशे मुलांची होती. त्या संध्याकाळपर्यंत तिच्यात नऊशे माणसं झाली. वादळ किनाऱ्यालगत येऊन अडून बसलं होतं. पुढेही सरकेना आणि विरेही ना. खालच्या वस्त्या पाण्यात जाणार म्हणून ट्रक भरभरून माणसं या उंचवट्यावरच्या शाळेत आणली जात होती. माऊ आणि आई सकाळच्या ट्रकने आल्या होत्या. एक गादी, एक पिशवी कपडे, आईची औषधं आणि माऊचा शिवणाचा डबा. बाकीचं घर मागे राहिलं.

त्यांच्या वाट्याला पाचवी 'ब'चा वर्ग आला. एका वर्गात अकरा कुटुंबं. बाकं बाहेर रचून जमीन मोकळी केली होती, तरी एकेका कुटुंबाला मिळालेली जागा एका गादीएवढीच. एकाने कूस बदलली की शेजारच्यालाही बदलावी लागे. ओले कपडे खिडकीच्या गजांवर, फळ्याच्या चौकटीवर, नकाशाच्या खिळ्यावर टांगलेले. ते वाळत नव्हते, नुसता वास सोडत होते. खोकला एका कोपऱ्यात सुरू व्हायचा आणि फिरत फिरत दुसऱ्या कोपऱ्यात पोचायचा. जनरेटरवर दिवसातून दोन तास वीज. तेवढ्यात फोनच्या चार्जिंगवरून तीन भांडणं झाली आणि चौथं पंख्यावरून. जेवण दोन वेळा, भात आणि त्यावर पातळसं काहीतरी. ते काय आहे हे वाढणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. पिण्याचं पाणी माणशी दोन बाटल्या.

आई पोस्टातून निवृत्त झालेली. तीस वर्षं काउंटरच्या आत बसून तिने बाहेरच्या रांगा बघितल्या होत्या. माऊ पडद्यांच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या आणि दुकानात येऊन पडदे शिवायचे. वय एकतीस. दोन स्थळं आली होती, दोन्ही बरी होती, आणि दोन्हीकडे तिसऱ्या भेटीत एकच प्रश्न निघाला होता. मग तुमच्या आई कुठे राहणार? चौथी भेट माऊने होऊच दिली नाही. आईला हे ठाऊक होतं. दोघी त्यावर कधी बोलत नसत.

संध्याकाळी पाचवी 'ब'च्या दारातून आवाज आला, "त्रेचाळीस नंबर इथेच राहतात का?"

"माऊ, कोण आहे गं?" आईने विचारलं.

"माऊ?" त्याच्या भुवया वर गेल्या. "एवढ्या आवाजाच्या बाईचं नाव माऊ?"

"घरचं नाव आहे ते," माऊ घाईने म्हणाली. "तुमचं काय काम आहे?"

"काम झालं, तेच सांगायला आलो. चारही दारं चालू केली." मग तो आईकडे वळला. "मी पाणीपुरवठा खात्यात प्लंबर आहे, मावशी. खात्याने पाठवलंय, आणि माझी खोलीही खालच्या वस्तीतच... म्हणजे मी तसाही इथेच आलो असतो. आता रांग कमी झालीय. तुम्ही जाऊन या."

"मला नको," आई म्हणाली. "मला लागत नाही."

ती हे इतक्या सहज म्हणाली, की माऊला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचं लक्ष तेव्हा दुसरीकडेच होतं. त्या माणसाच्या उजव्या कानाला मळ लागला होता आणि तो सांगावा की नाही, या विचारात ती पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वरच्या मजल्याचे पत्रे उडाले. अवाढव्य पातेली जिन्यावरून गडगडत यावीत तसा आवाज झाला, आणि पाठोपाठ वरची दोनशे माणसं ओल्या अंथरुणांसकट खाली उतरली. पाचवी 'ब'त अकराची सतरा कुटुंबं झाली. आता आडवं होणं संपलं. माणसं पाठीला पाठ लावून बसली. आईने पाय जवळ ओढून घेतले, ते तिला पुन्हा लांब करता येईनात.

आपल्या वाटणीची बाटली तिने शेजारच्या बाळंतिणीला दिली. 'तिला जास्त गरज आहे,' एवढंच म्हणाली. आईचा स्वभावच तसा, म्हणून माऊ काही बोलली नाही.

दुपारी तीनच्या सुमारास आईने तिच्याकडे बघून विचारलं, "टपालाची गाडी आली का? साडेचार वाजून गेले."

"आई? अगं, काय बोलतेस?"

"शिक्के मारायचे राहिलेत," आई म्हणाली आणि एका कुशीवर कलंडली.

सहावीच्या वर्गात एक निवृत्त नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. माणसं ओलांडत ती आली. तिने आईच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"पाणी कधी प्यायल्या या?"

"पितेय ना ती. कालच्या दोन्ही बाटल्या..."

शेजारची बाळंतीण खाली मान घालून म्हणाली, "कालच्या पण मलाच दिल्या त्यांनी."

सिस्टरने सुस्कारा सोडला. "या एकट्या नाहीत. इथल्या निम्म्या बायका पाणी पीत नाहीत. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हटलं की तासभर रांग, निसरडी जमीन, आणि वर उकिडवं बसायचं. यांना बसता येतं?"

"नाही. घरी कमोड आहे."

"मग काय पितील त्या पाणी!"

सिस्टरने मीठ-साखरेचं पाणी केलं. माऊ चमच्या-चमच्याने पाजत राहिली. दहा-बारा चमच्यांनंतर आईची नजर जाग्यावर आली आणि तिने तोंड फिरवलं.

"पुरे. मग जावं लागतं... काल तू चहा आणायला गेलीस तेव्हा गेले होते मी. उठताच येईना. कुठल्यातरी परक्या बाईने काखेत हात घालून उठवलं." तिने चमचा हाताने बाजूला सारला. "मी नसते ना माऊ, तर तुझं कधीच सगळं..."

"आई, गप्प बस!"

सतराच्या सतरा कुटुंबांनी माना वळवल्या.

प्लंबर व्हरांड्यात रचलेल्या बाकांवर बसून बिस्किटं खात होता. माऊ तरातरा चालत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. चेहरा रडवेला, आवाज मात्र खणखणीत.

"मला एक खुर्ची हवीय. मधे भोक पाडलेली."

बिस्किट तोंडाशी तसंच राहिलं. कशाला, कोणासाठी, असलं त्याने काहीच विचारलं नाही. एकच प्रश्न केला, "किती उंचीची?"

"अठरा इंच."

"स्टाफरूमच्या मागे शिक्षकांचं एक स्वच्छतागृह आहे," तो उठत म्हणाला. "तुंबलंय, ते मी बघतो. त्यावर खुर्ची पक्की करतो, हाताला धरायला पाइप लावतो. पण दाराची पंचाईत आहे. काल गर्दीत निखळलं, बिजागऱ्याच तुटल्या."

"दाराचं मी बघते. पडदा लावू."

"कापड?"

दोघांनी एकदमच सभागृहाकडे बघितलं. तिथल्या रंगमंचावर जाड, मरून रंगाचा मखमली पडदा लोंबत होता आणि त्याच्या आडोशाला चाळीस माणसं बसली होती.

मुख्याध्यापिका बाईंनी शाळेतलं सगळं लोकांना वापरायला काढून दिलं होतं. बाकं, नकाशे, प्रयोगशाळेतल्या बादल्यासुद्धा. पण पडदा म्हटल्यावर त्या ताठ झाल्या.

"अजिबात नाही! शाळेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा वर्गणी काढून घेतलाय तो."

"कापणार नाही, बाई," माऊ म्हणाली. "एक पाट, म्हणजे एक उभी पट्टी, फक्त उसवते. नंतर जसाच्या तसा जोडून देते. टाका दिसला तर माझं नाव बदला."

"नाव माऊ आहे," प्लंबर म्हणाला. "तसंही बदललेलं बरं."

माऊने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"पण लावणार कुठे?" बाईंनी विचारलं.

दोघंही घुटमळली. शेवटी प्लंबरनेच सांगून टाकलं, खुर्चीसकट सगळं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. त्या स्वतः अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि दोन दिवस याच शाळेत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "खुर्ची... किती उंचीची म्हणालात?"

मग काम सुरू झालं. त्याने तुंबलेलं मोकळं केलं, फिनेल टाकून जमीन घासली, खुर्चीच्या बैठकीला भोक पाडलं, कडा कानशीने गुळगुळीत केल्या. माऊ दाराचं माप घेत होती.

"तीन वीत आणि दोन बोटं," तो लांबूनच म्हणाला. "मघाशीच मोजलंय मी."

"विती माणसागणिक बदलतात. एकोणतीस इंच आहे."

"माझी वीत चुकत नाही."

"बघू. आणा हात."

त्याने पंजा भिंतीवर फाकवून ठेवला. माऊने त्यावर टेप धरली. हात खरखरीत, पाण्याने बोटांना सुरकुत्या पडलेल्या, नखांत काळं. आकडा वाचायला तिला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

"किती भरली?"

"सव्वानऊ."

"मग आता हात सोडायला हरकत नाही. म्हणजे... नाही सोडला तरी..."

"खिळे द्या इकडे," माऊ म्हणाली. पण हसू तिला लपवता आलं नाही.

ती टाके घालू लागली, तो पाइप आवळू लागला. जागा एवढीशी, की प्रत्येक आवळण्याला त्याचं कोपर तिच्या खांद्याला लागायचं आणि दोघंही 'सॉरी' म्हणायची. सातव्या-आठव्या वेळेनंतर ती म्हणायची बंद झाली.

"घराघरांतल्या खिडक्या मोजता म्हणजे लोकांचं बरंच कळत असेल."

"कळतं. कोणाला ऊन नको असतं, कोणाला शेजारी."

"आणि तुमच्या घरी कसले पडदे आहेत?"

"नाहीतच," माऊ म्हणाली. "शिवायला वेळ मिळतो कुठे!"

"माझ्या खोलीतला नळ तीन वर्षं गळतोय," तो म्हणाला, आणि दोघं इतकी हसली की मुख्याध्यापिका बाई काय झालं म्हणून डोकावून गेल्या.

पाच वाजता सगळं तयार झालं आणि आईने साफ नकार दिला. "सगळ्या शाळेला कळेल माझ्यासाठी केलंय म्हणून. मी नाही जायची."

माऊच्या डोळ्यांत पाणी आलं. प्लंबर मात्र आईसमोर उकिडवा बसला.

"मावशी, माझी एक वेगळीच अडचण आहे. ती खुर्ची काही तुमच्या एकटीसाठी ठेवता येणार नाही. गुडघे दुखणारे, दिवस गेलेल्या, ऑपरेशन झालेले... साठ तरी जण आहेत. झुंबड उडेल. सांभाळायला माणूस नाही. यांचा आवाज मोठा आहे, पण रांगेचं यांना काही कळत नाही. काल स्वतःचाच नंबर घालवून बसल्या. काउंटरवर काम केलेलं कोणी आहे का तुमच्या ओळखीचं?"

आईने त्याला खालून वर न्याहाळलं. "तू काय करतोयस ते मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

"कळतंय, म्हणून तर विचारलं."

आईने हात पुढे केला. "माऊ, पाणी दे."

तासाभराने ती स्टाफरूमच्या दाराशी बसली होती, मांडीवर जुन्या वह्यांच्या पानांच्या चिठ्ठ्या, कानावर पेन्सिल. "एका वेळी एक! गडबड चालणार नाही. तुम्ही पाणी प्यायलात का? ओठ बघा कसे झालेत. आधी पाणी प्या, मग चिठ्ठी." आणि प्रत्येकीला सांगताना स्वतःही एक घोट घेत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छतागृहांतून गुडगुड आवाज येऊ लागला, आणि पाठोपाठ घाण पाणी उलटं वर यायला लागलं. फाटकाजवळचं सांडपाण्याचं चेंबर वाहून आलेल्या कचऱ्याने बुजलं होतं. वर छप्पर नाही, खाली नऊशे माणसं जमिनीवर बसलेली. सिस्टर म्हणाली, "हे पाणी वर्गांत शिरलं तर उद्या एकही मूल धड राहणार नाही."

चेंबर उघडायला बाहेर जायला हवं होतं, आणि वाऱ्यात उभंही राहणं शक्य नव्हतं. अकरा वाजता रेडिओवर सांगितलं, की वादळाचा डोळा इथूनच जाणार आहे. अर्धा तास सगळं शांत वाटेल, मग उलट दिशेने वारा सुटेल, तोही एकदम. कोणीही बाहेर पडू नये.

"अर्धा तास," प्लंबर म्हणाला. "मला वीस मिनिटं पुरतील."

"आणि जास्त लागली तर?" माऊने विचारलं.

"तर हाक मारा. तुमची हाक पोचते."

तिने त्याला अडवलं नाही. आत बसलेल्या माणसांकडे बघून तिला ते शक्यच झालं नाही. पडदा ओढायचा रंगमंचावरचा दोर तिने आणला आणि त्याच्या कमरेला स्वतः बांधला.

"ही गाठ ओढून सुटत नाही. मी सोडवली तरच सुटते."

"मग सोडवू नका," तो म्हणाला. तो हसत नव्हता. माऊलाही हसू आलं नाही.

वारा थांबला तेव्हा कान बधिर झाल्यासारखे वाटले. लख्ख ऊन पडलं. दमलेले चारपाच पक्षी कठड्यावर येऊन बसले आणि माणसांना भ्यायलेच नाहीत. प्लंबर गुडघाभर पाण्यातून चाचपडत फाटकापर्यंत गेला. दोराचं दुसरं टोक माऊ, शाळेचा पहारेकरी आणि दोन ट्रक ड्रायव्हर धरून होते. पायांनी त्याने झाकण शोधलं, सळईने उचकटलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. फांद्या, पत्र्याचा तुकडा, चिखल, पुन्हा फांद्या. सतराव्या मिनिटाला पाण्याला भोवरा पडला आणि अंगणातलं पाणी खाली जाऊ लागलं.

"या आता!" माऊ ओरडली.

त्याने नकारार्थी मान हलवली. झाकण परत बसवायचं होतं. पाण्याखाली उघडं राहिलं असतं तर उद्या कोणीतरी त्यात गेलं असतं. बाविसावं मिनिट. चोविसावं. फाटकापलीकडची झाडं अचानक सळसळली, पण उलट्या बाजूला.

"सोडा ते! या!"

वारा आला तो भिंत कोसळावी तसा. प्लंबर आडवा झाला. एक पत्रा त्याच्या अंगावरून गेला की डोक्यावरून, ते कोणालाच कळलं नाही. दोर ताणला गेला. चौघांनी पाय रोवून ओढलं. माऊच्या तळहातांची साल निघाली, ती तिला संध्याकाळी दिसली. पायऱ्यांवरून त्याला आत घेतलं आणि सहा-सात माणसांनी रेटून दार लावलं.

तो जमिनीवर बसला. कपाळातून रक्त, अंगभर काळं पाणी.

"झाकण बसलं," तो म्हणाला.

"खड्ड्यात गेलं तुमचं झाकण!" माऊ म्हणाली आणि सगळ्यांसमोर रडू लागली.

"लांब व्हा. वास येतोय मला."

"येतोय. भयंकर येतोय."

"मग हात सोडा ना माझा."

"नाही सोडत," माऊ म्हणाली.

सिस्टरने कपाळाला तीन टाके घातले. तोवर माऊने त्याचा हात सोडला नव्हता, आणि त्याने पुन्हा सांगितलंही नाही.

चौथ्या दिवशी आकाश निवळलं आणि माणसं आपापली घरं बघायला निघाली. माऊ दोनदा धुतलेला पाट मुख्याध्यापिका बाईंच्या देखत पडद्याला जोडत होती, तेव्हा तो कपाळाला पट्टी बांधून समोर येऊन उभा राहिला.

"जातोय. किनाऱ्यावरच्या गावांत पाणीच नाहीये. खात्याचा ट्रक आलाय."

"किती दिवस?"

"वीस. जास्तही लागतील." तो पिशवीचा पट्टा उगाच ओढत राहिला. "फोन..."

"टॉवर पडलेत."

"हो. पडलेत नाही का... आणि घर कुठे तुमचं?"

"टाकीमागच्या गल्लीत. राहिलं असेल तर."

बाहेर हॉर्न वाजला.

"माऊ," तो म्हणाला. या वेळी त्यात चेष्टा नव्हती.

"काय?"

"काही नाही... सुईकडे बघा. बोटाला लागेल."

तो गेला. शेजारी बसलेल्या आईने चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. "बोललीस काही?"

"काय बोलायचं?"

"पोस्टात होते तेव्हा बघायचे. माणसं पत्र लिहून, तिकीट लावून, पेटीपर्यंत येऊन परत जायची. असा राग यायचा मला!" मग आई जे कधीच बोलत नसे ते बोलली. "त्या दोन स्थळांचं मला ठाऊक आहे, माऊ. हा तिसरा तरी माझ्या नावावर घालवू नकोस."

माऊ फाटकापर्यंत धावली. ट्रक वळणापलीकडे गेला होता.

घराच्या भिंती राहिल्या होत्या, छप्पर गेलं होतं. त्यावर ताडपत्री टाकून दोघी राहू लागल्या. गादी फेकली, भांडी घासून घेतली, चिखल बादल्यांनी उपसला. विसावा दिवस गेला. एकविसावाही गेला. बाविसाव्या दिवशी दुपारी माऊ दारात बसून भिंतीचा सुटलेला गिलावा खरवडत होती, आणि गल्लीत कोणीतरी थांबलं. उन्हाने रापलेला, कपाळावर तीन टाक्यांची खूण, नवा इस्त्रीचा शर्ट.

माऊने केसांतला चुना झटकायचा प्रयत्न केला, तो आणखीच पसरला.

"किती दिवसांची सुट्टी?" तिने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"दोन."

"दोन दिवसांत काय होतं?"

"अर्ज देता येतो," तो म्हणाला. "मग महिनाभराची नोटीस, आणि लग्न अर्ध्या तासात. येतानाच कचेरीत चौकशी करून आलो."

"कोणाच्या लग्नाची?"

"तिथल्या बाईंनीही हेच विचारलं... मुलीला विचारलंय का, म्हणाल्या."

"मग काय सांगितलंस तू?"

'तुम्ही' कधी गळून पडलं ते माऊला कळलंच नाही. त्याला कळलं. त्याने पिशवी खाली ठेवली.

"म्हटलं, विचारायलाच चाललोय." तो अडखळला. "खात्याची खोली मिळतेय. एक तिसऱ्या मजल्यावर होती, छान हवेशीर. एक तळमजल्यावर, जरा अंधारी. मी तळमजल्याची मागून घेतली. आईंना जिना नको ना... म्हणजे, तुला चालत असेल तर."

माऊने तोंड उघडलं. वाऱ्यावर मात करणारा तिचा आवाज नेमका आता फुटेना.

"हो म्हण गं लवकर!" आतून आई ओरडली. "दूध उतू चाललंय!"

"हो," माऊ म्हणाली. आधी त्याला, मग आईला. आणि दूध उतरवायला आत धावली.

गॅसवर काहीच नव्हतं. आई ताडपत्रीखाली खुर्चीत बसून चष्मा पुसत होती.